काकांच्या दुकानातला कॉम्प्युटर आणि माझी एक चूक

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

दिवाळीचा फराळ संपला असेल, आता डबे घासायला निघाले असतील.

गेल्या महिनाभरात मला सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आलेत. "ताई, माझा लॅपटॉप सातव्या जनरेशनचा आहे, विंडोज ११ घालू का?" "बाबांचा पीसी २०१५ चा आहे, चालेल का?" "यूट्यूबवर एक ट्रिक बघितली, करून बघू का?" कारण तुम्हाला माहीतच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुलै २०१५ मध्ये आलेली सिस्टिम, दहा वर्षं चालली. आणि विंडोज ११ आपल्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला दारातूनच परत पाठवतं.

तर "चालेल का?" याचं उत्तर आधीच देऊन टाकते. बहुतेक वेळा चालतं. तासा-दीड तासाचं काम आहे. पण आजचा भाग मी त्यासाठी केलेला नाही. मी स्वतः हे तीन वर्षांपूर्वी माझ्या काकांच्या कॉम्प्युटरवर केलं होतं. चाललं पण. आणि तरी ती माझी चूक होती. ती कशी, ते आज सांगणार आहे. सोबत यंदा मी ते कसं दुरुस्त केलं तेही सांगते, म्हणजे तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचं काय करायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

काकांचं दुकान

माझ्या काकांचं बार्शीत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दहाव्याच्या पत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, असं सगळं. दुकानात दोन कॉम्प्युटर. एक मुख्य, त्यावर काका पत्रिका करतात. तो २०१४ मध्ये घेतलेला. इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. दुसरा त्याहून जुना, कोर टू ड्युओ, तो कोपऱ्यात धूळ खात पडलेला.

मुख्य कॉम्प्युटरवर काकांचा जीव आहे, आणि त्याला कारण आहे. त्यावर त्यांचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे. त्याला यूएसबीचा डोंगल लागतो. डोंगल लावला नाही तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. त्याचे फाँट युनिकोड नाहीत. म्हणजे काकांची फाइल तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. पंधरा वर्षांच्या पत्रिका त्या फाँटमध्ये आहेत. मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका इथं केली, आता धाकट्याची आहे, "तसलीच करा, फक्त नावं बदला" असं सांगत लोक येतात. काका जुनी फाइल उघडतात, दहा मिनिटांत काम होतं. तो त्यांचा धंदा आहे.

२०२२ च्या दिवाळीत मी घरी गेले होते. नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. काका म्हणाले, "अगं, कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. तू इंजिनीअर ना? बघ जरा." मी एक एसएसडी आणली, अडीच हजारांच्या आत. तेवढ्यावर काम झालं असतं. खरंच सांगते, फक्त एसएसडी टाकून विंडोज १० ठेवलं असतं तरी काका खूश झाले असते. पण मी म्हटलं, आता नवीन डिस्क टाकतोच आहोत तर विंडोज ११ च टाकू. मायक्रोसॉफ्ट म्हणतं की हा कॉम्प्युटर चालणार नाही, आणि मी ते चालवून दाखवणार! त्या वयात असं वाटतं. म्हणजे, तीन वर्षांपूर्वीच्या वयात.

केलं. चाललं. वीस सेकंदांत सुरू व्हायला लागला. काका म्हणाले, "वा! हे मधे आलेले आयकॉन भारी दिसतात." काकूंनी मला चकल्यांचा वेगळा डबा भरून दिला. मी पुण्याला परत आले आणि विसरून गेले.

विंडोज ११ नाही का म्हणतं?

पुढचं सांगण्याआधी, मुळात हा नकार कशाचा असतो ते बघू.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. त्याच्या अटींमध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा आहे, ते कोणाकडेही असतं. घोडं अडतं ते तीन गोष्टींवर.

पहिली, टीपीएम २.०. ही मदरबोर्डवरची छोटी चिप असते, किंवा प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच बसवलेली सोय असते. तिचं काम म्हणजे किल्ल्या सांभाळणं. डिस्क एनक्रिप्ट केली तर तिची किल्ली डिस्कवर न ठेवता इथे ठेवतात. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून उपयोग नसतो, तसं.

दुसरी, सिक्युअर बूट. कॉम्प्युटर सुरू होताना विश्वासू सही असलेलाच कोड चालवायचा, विंडोजच्या आधी कोणी चोरून घुसू नये म्हणून. यासाठी जुन्या बायोसऐवजी युईएफआय लागतं.

तिसरी, प्रोसेसरची यादी. ढोबळमानाने इंटेलचा आठवा जनरेशन किंवा पुढचा, एएमडीचा रायझन २००० मालिका किंवा पुढचा. काही मोजके अपवाद आहेत.

आता लोक म्हणतात की ही कंपनीची नवीन कॉम्प्युटर विकायची चाल आहे. धंद्याचा फायदा होत नाही असं मी म्हणणार नाही. पण तांत्रिक कारणही आहे. विंडोजमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा आहे. सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, भलता कोड शिरू नये म्हणून ती प्रत्येक ड्रायव्हर तपासते. इंटेलच्या सातव्या जनरेशनपासून प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सोय आली. त्याआधीच्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि कॉम्प्युटर हळू होतो. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने असंही सांगितलं होतं की चाचणीच्या काळात अटीत न बसणाऱ्या कॉम्प्युटरवर कर्नलचे क्रॅश ५२ टक्के जास्त झाले. हा त्यांचाच आकडा आहे, तो तसाच घ्या. पण हेही खरं की सातव्या जनरेशनचा, रोज नीट चालणारा लॅपटॉप केवळ यादीत नाव नाही म्हणून अडतो. त्याचा राग येणं साहजिक आहे.

मग ट्रिक काय असते?

गंमत अशी की यातली बरीचशी तपासणी फक्त इन्स्टॉल करताना होते. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो ना, तसं. गेटवर विचारतो, "कोणाकडे जायचंय?" एकदा आत गेलात की जिन्यात कोणी विचारत नाही.

सगळ्या ट्रिक या वॉचमनला चुकवण्याच्या आहेत. इन्स्टॉलर रजिस्ट्रीतल्या काही नोंदी बघतो. तिथे "टीपीएम तपासू नको, सिक्युअर बूट तपासू नको" अशी नोंद असेल तर तो सोडून देतो. रूफस नावाचं मोफत टूल आहे, पीट बटार्ड नावाच्या डेव्हलपरने लिहिलेलं, ओपन सोर्स. पेनड्राइव्ह बनवताना ते तुम्हाला विचारतं, या अटी काढून टाकू का? तुम्ही टिक करता, झालं. मी २०२२ मध्ये हेच केलं होतं.

पण एक भिंत अशी आहे जी कोणत्याच ट्रिकने पडत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना असाव्याच लागतात. पॉपकाउंट म्हणजे एखाद्या आकड्यात किती एक आहेत ते एका झटक्यात मोजणं. विंडोजचा कोडच या सूचना वापरतो. प्रोसेसरला ती भाषाच येत नसेल तर सिस्टिम सुरूच होणार नाही. इंटेलमध्ये पहिल्या जनरेशनच्या कोर आय प्रोसेसरपासून पुढे हे आहे. कोर टू ड्युओमध्ये नाही. म्हणून घरात कोर टू ड्युओ असेल तर विंडोज ११ चा विषयच सोडून द्या. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

चूक कुठे झाली

आता यंदाची दिवाळी. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री मी घरी पोहोचले. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर काका म्हणाले, "बरं झालं आलीस. सगळीकडे चाललंय ना, विंडोज १० बंद होणार. आपल्याकडे तूच ११ टाकून ठेवलंयस, आपल्याला काळजी नाही."

मला पण तसंच वाटलं. सहज म्हणून मी विंडोजचं बटण आणि आर दाबून 'विनव्हर' टाइप केलं. खिडकी उघडली. आवृत्ती २२एच२.

माझ्या पोटात गोळा आला.

का, ते सांगते. विंडोज ११ ही एकदाच टाकायची गोष्ट नाही. दर वर्षी त्याची नवीन आवृत्ती येते. २२एच२, २३एच२, २४एच२, आता २५एच२. घरगुती होम आवृत्ती असेल तर प्रत्येकीला साधारण दोन वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. मग बंद. सपोर्ट असलेल्या कॉम्प्युटरवर नवीन आवृत्ती आपोआप येते, म्हणून आपल्याला ते कळतही नाही. पण वॉचमनला चुकवून आत गेलेल्या कॉम्प्युटरला ही वार्षिक आवृत्ती विंडोज अपडेट देत नाही. दर महिन्याचे छोटे अपडेट येत राहतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. मायक्रोसॉफ्ट तर म्हणतं की अशा कॉम्प्युटरला अपडेटचा हक्कच नाही. मिळतात तेही त्यांच्या मर्जीवर.

२२एच२ होमचा सपोर्ट संपला ८ ऑक्टोबर २०२४ ला. म्हणजे काकांचा कॉम्प्युटर एक वर्षभर एकही सुरक्षा अपडेट न घेता चालत होता. आणि आता नीट ऐका. त्याच एका वर्षात विंडोज १० ला दर महिन्याला अपडेट मिळत होते! मी हात लावला नसता, फक्त एसएसडी टाकून गप्प बसले असते, तर तो कॉम्प्युटर यंदाच्या ऑक्टोबरपर्यंत सुरक्षित राहिला असता. मी 'नवीन' करून दिला आणि एक वर्ष उघड्यावर सोडला.

मी काकांना विचारलं, "काका, स्क्रीनवर काही मेसेज यायचा का?"

"यायचा ना. इंग्रजीत काहीतरी. रिक्वायरमेंट का काय. मी म्हटलं, येतंच असतं काहीतरी. तुला कशाला उगाच फोन करायचा, तू कामात असतेस."

यात काकांचा दोष शून्य. विंडोज बनवणारी कंपनी नाही म्हणत होती, मी हो म्हटलं. त्या दिवसापासून त्या कॉम्प्युटरचा सपोर्ट डिपार्टमेंट मी होते. आणि मी पुण्यात बसले होते, ऑफिस बंद करून.

एवढं काय त्यात?

तुम्ही म्हणाल, पत्रिका करायच्या कॉम्प्युटरला कोण हॅक करणार?

मी त्या दिवशी दुकानात बसून फक्त बघितलं. एका तासात अकरा जण आले. एकाने आधार कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवलं, प्रिंट काढायला. एका मुलीने पेनड्राइव्ह आणला, त्यात तिची सगळी मार्कशीट. एका आजोबांचं पेन्शनचं काहीतरी होतं, त्यांचं बँक पासबुक स्कॅन केलं. एकाने तिथेच आपला ईमेल उघडला, ॲडमिट कार्ड काढलं आणि लॉगआउट न करता निघून गेला. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अर्ध्या तालुक्याची कागदपत्रं होती. तुम्हीही ॲडमिशनच्या वेळी अशाच एखाद्या दुकानात गेला असाल. तिथला कॉम्प्युटर कोणत्या आवृत्तीवर आहे, हे तुम्ही कधी विचारलंय? मी पण नाही विचारलं.

आणि हल्ला करणारे दुकान बघून येत नाहीत. २०१७ आठवा. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा अपडेट दिला. ज्यांनी तो घेतला नाही, त्यांच्या कॉम्प्युटरवर मे महिन्यात वॉनाक्राय आला, फाइली कुलूपबंद केल्या आणि पैसे मागितले. जूनमध्ये नॉटपेट्या आला, त्याने पसरायला तेच भगदाडही वापरलं. तो निघाला होता युक्रेनमधून, आणि आपल्या नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, कारण ते टर्मिनल चालवणाऱ्या जागतिक कंपनीच्या सिस्टिम बंद पडल्या. जो कॉम्प्युटर उघडा सापडेल त्यात शिरायचं, एवढाच नियम.

काकांच्या कॉम्प्युटरला काही झालं नाही. नशीब. पण ते माझं कौशल्य नव्हतं.

यंदा काय केलं

भाऊबीजेपर्यंत माझ्याकडे पाच दिवस होते. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, मग काकांना कॉम्प्युटर एक तासही बंद ठेवता येत नाही. मी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी बॅकअप. पत्रिकांच्या फाइली, फाँट, आणि टायपिंग सॉफ्टवेअरची मूळ सीडी शोधली. ती काकूंच्या शिवणाच्या डब्यात निघाली, का ते विचारू नका. सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं आणि त्यातली चार फाइली उघडून बघितल्या. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नाही.

मग पर्याय मांडले. नवीन कॉम्प्युटर? यंदा दुकानाचं भाडं वाढलंय, काका नाही म्हणाले. लिनक्स? डोंगलवालं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. नेटच काढून टाकायचं? तेही झालं नाही, कारण तयार पत्रिकेची पीडीएफ सोलापूरच्या ऑफसेट प्रेसला ईमेलने जाते. मग उरला एकच, विंडोज ११ च, पण ताज्या आवृत्तीवर.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून २५एच२ ची आयएसओ फाइल उतरवली. पुन्हा सांगते, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून. टेलिग्रामवर 'लाइट' नावाने फिरणाऱ्या विंडोज घेऊ नका, त्यात कोणी काय घातलंय ते तुम्हाला कळणार नाही. रूफसने पेनड्राइव्ह बनवला, आणि चालू विंडोजमधूनच त्यातलं सेटअप चालवलं, म्हणजे फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. दीड तास लागला. त्यातली शेवटची वीस मिनिटं काका देवाला अगरबत्ती लावून बसले होते.

सुरू झालं. प्रिंटर ठीक. डोंगल? लाल दिवा लागला, पण सॉफ्टवेअर उघडेना. त्याचा जुना ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर उघडलं. मग मी मेमरी इंटिग्रिटी सुरू करायला गेले तर विंडोज म्हणालं, हा ड्रायव्हर चालणार नाही. म्हणजे मघाशी सांगितलेली ती सुरक्षा आणि काकांचा धंदा, दोन्हींपैकी एकच. ती बंदच ठेवावी लागली. हे मी लपवणार नाही. विंडोज ११ टाकलं म्हणजे विंडोज ११ ची सगळी सुरक्षा मिळाली असं होत नाही. या कॉम्प्युटरला टीपीएम नाही, मेमरी इंटिग्रिटी नाही. ताजे अपडेट आहेत, एवढंच आहे.

म्हणून मी दुसरं काम केलं, आणि मला वाटतं खरा फरक त्यानेच पडला. कोपऱ्यातला कोर टू ड्युओ पुसून काढला. ४ जीबी रॅम, जुनीच एक एसएसडी. त्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. ती हलकी आहे, आणि मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. अटींचं कुठलंही नाटक नाही. मराठी युनिकोड नीट दिसतं, प्रिंटर पहिल्या फटक्यात ओळखला, स्कॅनरने अर्धा तास खाल्ला. आता गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह, व्हॉट्सॲप, ईमेल, आधारची प्रिंट, हे सगळं फक्त त्या कॉम्प्युटरवर. पत्रिकेच्या कॉम्प्युटरला गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावायचा नाही. काकांनी तिथे कागद चिकटवलाय, "येथे पेनड्राइव्ह लावू नये. हुकुमावरून."

तुमच्या घरी काय करायचं

आता तुमचं बघू. आधी 'विनव्हर' बघा. मग कॉम्प्युटर कोणता आहे त्याप्रमाणे.

एक. प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा आहे आणि तरी विंडोज ११ टीपीएमवरून नाही म्हणतंय? बहुतेक टीपीएम आहे, फक्त बंद आहे. बायोसमध्ये इंटेलला पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम या नावाने शोधा आणि सुरू करा. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती जीपीटी करायचं टूल विंडोज १० मध्येच आहे. पण बिटलॉकर लावलेलं असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर ती मागून बसेल आणि तुमच्याकडे नसेल. इथे ट्रिकची गरजच नाही.

दोन. कॉम्प्युटर जुना आहे, विंडोज १० नीट चालतंय, घरगुती वापर आहे. मग घाई नको. मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट दिलेत. विंडोज १० २२एच२ हवं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केलात तर पैसे लागत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. आज आई-बाबांच्या कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत होईल असं हेच काम आहे.

तीन. फक्त ब्राउझर, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म, अभ्यास. मग लिनक्स मिंट बघाच. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. आवडलं तर टाका.

चार. विंडोजशिवाय भागतच नाही, नवीन घेणं जमत नाही, प्रोसेसर यादीत नाही. तेव्हाच रूफसचा रस्ता. तोही बॅकअप घेऊन, आणि दर वर्षी हाताने आवृत्ती चढवायची तयारी असेल तरच.

जुन्या मॅकवाल्यांसाठी एक ओळ. ओपनकोर लेगसी पॅचर नावाचं टूल आहे, त्याने ॲपलने सोडून दिलेल्या इंटेल मॅकवर नवीन मॅकओएस चालतं. गोष्ट तीच. आता ते सांभाळणारे तुम्ही. आणि टाहो हे इंटेल मॅकसाठी शेवटचं मॅकओएस असेल हे ॲपलने जाहीर केलंय, म्हणजे तो रस्ताही पुढे संपतो.

शेवटचं

निघायच्या दिवशी मी काकांच्या काउंटरमागच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद लावला. मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यावर लिहिलंय: या कॉम्प्युटरला २५एच२ आहे. याचे अपडेट १२ ऑक्टोबर २०२७ ला संपणार. त्याआधी, २०२६ च्या दिवाळीत, नवीन आवृत्ती टाकायची. इंग्रजीत कुठलाही नवीन मेसेज आला तर फोटो काढून पाठवायचा. आणि खाली माझा नंबर.

काकांनी तो वाचला आणि म्हणाले, "म्हणजे दर दिवाळीला तू येणार."

"यावंच लागेल," मी म्हटलं.

"मग बरंय. चुकीचा का होईना, फायदा झाला."

परवा त्यांनी पहिला फोटो पाठवला. मी धसकून उघडला, तर प्रिंटरची शाई संपल्याचा मेसेज होता. पण पाठवला ना! मला तेवढं हवं होतं.

तर मंडळी, ट्रिक करायची असेल तर करा, मी अडवणार नाही. फक्त दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर केलीत, तर त्या घरी कागद लावून या. आवृत्ती कोणती, ती संपणार कधी, आणि फोन कोणाला करायचा. तेवढं करायची तयारी नसेल तर एसएसडी टाकून द्या, चकल्या खा आणि निघा.

तुमच्या घरच्या 'विनव्हर'मध्ये काय आलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बॅकअप घ्या, आणि तो एकदा उघडूनही बघा. नमस्कार!